तपकिरी रेषांमधली पांढरी पट्टी: बफेलो क्रीकच्या खोऱ्याचा नकाशा वाचताना

अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात, लोगन काउंटीमध्ये, बफेलो क्रीक नावाची एक छोटी नदी आहे. तिच्या खोऱ्याचा टोपोग्राफिक, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणारा, नकाशा उघडला की आधी नजरेत भरतो तो तपकिरी रंग. सगळीकडे रेषाच रेषा, काही ठिकाणी इतक्या दाट की दोन रेषांमध्ये बोटाचं नखही मावणार नाही. त्यांच्यामागे जंगलाचा फिकट हिरवा रंग पसरलेला असतो. या गर्दीतून वळणं घेत एक चिंचोळी पांढरी पट्टी खाली उतरते. नदीची निळी रेषा, रेल्वेची आडव्या खुणांची काळी रेषा, रस्ता, शाळा, चर्च आणि घरं दाखवणारे छोटे काळे चौकोन असं सगळं त्या एका पट्टीत कोंबलेलं दिसतं.

टोपोग्राफिक नकाशा कसा वाचायचा हे सांगण्यासाठी मी मुद्दाम हे खोरं निवडलं आहे. २६ फेब्रुवारी १९७२ च्या सकाळी इथे कोळशाच्या खाणीचा बांध फुटून आलेल्या पुरात १२५ माणसं मेली. ती का मेली याचं बरंचसं उत्तर या नकाशात आहे, आणि जे नकाशात नाही तेही समजून घेण्यासारखं आहे.

नकाशावरची तपकिरी रेषा म्हणजे समोच्च रेषा. शाळेच्या भूगोलात आपण तिची व्याख्या पाठ करतो: समुद्रसपाटीपासून सारख्या उंचीवरची ठिकाणं जोडणारी रेषा. व्याख्या बरोबर आहे, पण तिच्यातून डोंगर डोळ्यांसमोर उभा राहत नाही. त्याऐवजी तुडुंब भरलेलं धरण आठवा. पाण्याची कड डोंगराला जिथे जिथे टेकते, घळीत आत शिरते, सोंडेला वळसा घालते, ती कड म्हणजे एक समोच्च रेषा. आता पाणी ४० फुटांनी उतरलं असं समजा. खाली नवी कड दिसेल, ती दुसरी रेषा. असं तळापर्यंत करत गेलात आणि साऱ्या कडा वरून पाहून कागदावर उतरवल्या की नकाशा तयार.

वेस्ट व्हर्जिनियाच्या या डोंगराळ भागातल्या नकाशा-पत्रकांवर (मोठ्या नकाशाच्या सुट्या कागदांवर) दोन रेषांमधलं उंचीचं अंतर साधारणपणे ४० फूट, म्हणजे १२ मीटरच्या आसपास असतं. दर पाचवी रेषा जाड असते आणि तिच्यावर उंचीचा आकडा लिहिलेला असतो. नकाशाचं प्रमाण १:२४,००० आहे, म्हणजे कागदावरचा एक सेंटीमीटर जमिनीवरचे २४० मीटर दाखवतो. आपल्याकडे सह्याद्रीत भटकणारे लोक भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ज्या टोपोशीट वापरतात, त्यांचं प्रमाण बहुतेक १:५०,००० असतं आणि रेषांमधलं अंतर २० मीटर. त्या ज्याला वाचता येतात त्याला हा नकाशाही वाचता येईल. फक्त इथे उंची फुटांत आहे आणि तपशील जास्त आहे.

उताराचा हिशेब सोपा आहे. समजा, अर्ध्या सेंटीमीटरमध्ये रेषांमधली पाच अंतरं बसली आहेत. म्हणजे आडवं अंतर १२० मीटर आणि चढ २०० फूट, सुमारे ६१ मीटर. दोन पावलं पुढे जायचं तर एक पाऊल वर चढायचं. अशा उतारावर झाड उभं राहतं, पण घर बांधायचं तर डोंगर कोरावा लागतो. बफेलो क्रीकच्या दोन्ही अंगांना अशाच दाट रेषा आहेत.

दुसरी शिकण्याची गोष्ट म्हणजे रेषांची टोकं. समोच्च रेषा ओढ्यापाशी आली की वळून टोक काढते आणि ते टोक नेहमी उगमाच्या दिशेला असतं. याचं कारण साधं आहे. ओढ्याचं पात्र आजूबाजूच्या उतारापेक्षा खाली असतं, त्यामुळे तीच उंची गाठायला रेषेला पात्रातून वरच्या बाजूला जावं लागतं. डोंगराच्या सोंडेवर नेमकं उलट होतं, तिथे टोक उताराकडे असतं. हा एवढा नियम हाताशी असला की निळी रेषा नसली तरी पाणी कुठून कुठे जाणार हे सांगता येतं.

डोंगर असे का, माणसं तिथे का

हा भाग अमेरिकेच्या पूर्वेकडच्या अ‍ॅपलाचियन डोंगरांतला. अ‍ॅपलाचियन म्हटलं की एकामागे एक लांबच लांब समांतर रांगा डोळ्यांसमोर येतात. तशा रांगा आहेत, पण इथून पूर्वेला. लोगन काउंटीचा भाग म्हणजे मुळात एक पठार. लाखो वर्षं पाण्याने ते इतकं कोरलं की पठाराची सपाटी उरलीच नाही, उरल्या त्या फक्त धारा आणि घळी. म्हणूनच नकाशात शेजारशेजारचे माथे बरेचसे एका पातळीचे दिसतात आणि ओढ्यांचं जाळं सगळ्या दिशांना फांद्या फुटल्यासारखं पसरलेलं असतं. अशा मुलखात सपाट जागा दोनच. एक माथ्यावरची, जिथे पाणी नाही, वाट नाही. दुसरी नदीकाठची, जी नदीनेच गाळ टाकून तयार केलेली असते.

या खडकांत कोळशाचे थर आहेत, सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलींतून तयार झालेले. ते जवळजवळ आडवे पडलेले आहेत. थर आडवा आणि डोंगर कोरलेला, त्यामुळे कोळसा डोंगराच्या कुशीत एका ठराविक उंचीवर उघडा पडतो आणि ती उंची धरून घळीघळींतून वळत राहतो. म्हणजे कोळशाची कड स्वतःच जवळजवळ समोच्च रेषेसारखी असते. उघड्या खाणी खणल्या गेल्या तेव्हा त्याही याच रेषेने डोंगराला वळसे घालत गेल्या. नकाशात डोंगराच्या मध्यावर, रेषांना समांतर, एक विस्कटलेली पट्टी दिसली तर तिथे खाण झाली असं समजायला हरकत नाही.

कोळसा न्यायला रेल्वे हवी आणि रेल्वेला फार चढ चालत नाही. म्हणून चेसापीक अँड ओहायो रेल्वेचा फाटा नदीच्या काठाकाठाने वर गेला. खाणकामगारांची घरं कंपन्यांनी बांधली, तीही त्याच काठाला, रुळांच्या बाजूला, एकसारखी ओळीने. सॉन्डर्स, पार्डी, लोरॅडो, लंडेल, स्टो, अ‍ॅमहर्स्टडेल, अ‍ॅकोव्हिल, किस्लर अशा वस्त्या उतरत्या क्रमाने येतात आणि शेवटी मॅन हे गाव, जिथे बफेलो क्रीक गायंडॉट नदीला मिळते. सुमारे २७ किलोमीटरच्या खोऱ्यात अशा सोळा वस्त्या होत्या. १९७२ मध्ये तिथे पाच हजारांच्या आसपास माणसं राहत होती.

नकाशावर या वस्त्या वेगवेगळ्या नावांनी छापलेल्या दिसतात, पण काळे चौकोन पाहिले तर एक संपून दुसरी कुठे सुरू होते ते सांगता येत नाही. सगळं खोरं मिळून एकच लांबट गाव आहे असं मला तरी नकाशा पाहताना वाटतं. थोडं बाजूला, सोंडांवर, अधूनमधून कबरस्तानाची खूण दिसते. सपाट जमीन जिवंत माणसांनाच पुरत नव्हती, तर मृतांना उतारावर जागा मिळायची, अ‍ॅपलाचियन भागात ही जुनी रीत आहे.

इथे नकाशाची एक अडचण सांगायला हवी. कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे २४ मीटर. घराचा काळा चौकोन तेवढाच काढला तरी तो खऱ्या घरापेक्षा मोठा ठरतो. नदी, रूळ आणि रस्ता अगदी लागून असतील तर त्यांच्या रेषा एकमेकींवर चढतात. मग नकाशा काढणाऱ्याला एखादी खूण किंचित सरकवावी लागते, गर्दी फार असेल तर काही घरं गाळावी लागतात. उघड्या मैदानी प्रदेशात हे जाणवत नाही. चिंचोळ्या खोऱ्यात मात्र घर नदीपासून नेमकं किती दूर होतं, हा ज्या तपशिलावर सगळं अवलंबून असतं तोच तपशील यात धूसर होतो.

मिडल फोर्कच्या घळीत

खोऱ्याच्या अगदी वरच्या टोकाला, सॉन्डर्सजवळ, मिडल फोर्क नावाचा ओढा बफेलो क्रीकला येऊन मिळतो. नकाशात त्याची घळ सहज सापडते: दोन्ही बाजूंनी दाट रेषा, मधून निळी बारीक रेघ, आणि खाली तोंडाशी वस्ती. १९५७ पासून खाणीतला टाकाऊ माल, म्हणजे दगड, चिखल, निकृष्ट कोळसा, या घळीत टाकला जात होता. कोळसा धुतल्यावर काळं गढूळ पाणी उरतं, ते नदीत सोडायचं नाही म्हणून त्याच टाकाऊ मालाचे बांध घालून अडवलं जाऊ लागलं. पहिला बांध १९६० च्या सुमारास झाला, पुढे ओढ्याच्या आणखी वरच्या बाजूला दुसरा, मग तिसरा. तिसऱ्या बांधाचा पाया धड जमिनीवर नव्हता. तो दुसऱ्या बांधामागे साचलेल्या गाळावर उभा केला होता. जादा पाणी सुरक्षित बाहेर काढायला पुरेशी वाट ठेवली नव्हती. ही खाण बफेलो मायनिंग कंपनीची होती आणि १९७० मध्ये ती पिट्स्टन या मोठ्या कोळसा कंपनीने विकत घेतली होती.

हाती नकाशा असेल तर इथे काय काय समजू शकतं ते बघा. घळीभोवतीच्या माथ्यांवरून, एका सोंडेवरून दुसऱ्या सोंडेवर, पेन्सिलने रेघ ओढत गेलं की पाणलोट क्षेत्र मिळतं. या रेघेच्या आत पडणारा प्रत्येक थेंब मिडल फोर्कमध्येच येणार. मग बांधाच्या जागी घळीला आडवी रेघ मारायची आणि प्रत्येक समोच्च रेषेने घेरलेलं क्षेत्रफळ मोजायचं. ते रेषांमधल्या उंचीने गुणत गेलं की बांधामागे किती पाणी मावेल याचा अंदाज येतो. आणि शेवटचा, सगळ्यात सोपा प्रश्न: हे पाणी सुटलं तर कुठे जाईल? नकाशात दुसरी वाट नाही. खोऱ्याला तोंड एकच आहे, ते मॅनला, आणि तिथपर्यंत ती पांढरी पट्टी आणि तिच्यातले काळे चौकोन.

अशी शंका कुणालाच आली नव्हती असंही नाही. १९६६ मध्ये वेल्समधल्या अ‍ॅबरफान इथे कोळशाच्या टाकाऊ मालाचा ढीग शाळेवर कोसळून १४४ जण गेले, त्यांतली ११६ मुलं होती. त्या धक्क्यानंतर अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने, म्हणजे यूएसजीएसने, अ‍ॅपलाचियन खाणपट्ट्यातल्या अशा ढिगांची पाहणी केली. मिडल फोर्कचा ढीगही पाहिला गेला आणि पाणी बांधावरून वाहिलं तर तो फुटू शकतो हे तेव्हाच लक्षात आलं होतं. त्यावेळचा बांध लहान होता. त्याच्यामागे पुढे जे उभं राहिलं ते त्याहून कितीतरी मोठं होतं.

फेब्रुवारी १९७२ च्या त्या आठवड्यात काही दिवस पाऊस झाला. विक्रमी नव्हता, त्या भागात असा पाऊस अधूनमधून होतोच. रात्रभर बांधामागचं पाणी चढत होतं आणि खाणीवरच्या अधिकाऱ्यांना ते दिसत होतं, पण खोऱ्यातल्या लोकांना रीतसर इशारा दिला गेला नाही. शनिवारी सकाळी ८ च्या सुमारास तिसरा बांध फुटला, त्याने खालचे दोन्ही नेले. १३.२ कोटी गॅलन, म्हणजे सुमारे ५० कोटी लिटर काळं पाणी आणि गाळ पाव तासाच्या आसपास घळीतून बाहेर पडला. सॉन्डर्स पुसलं गेलं. वरच्या भागात लाट १० ते २० फूट उंच होती. तिला मॅनपर्यंत पोचायला सुमारे तीन तास लागले. १२५ मृत्यू, हजाराहून अधिक जखमी, पाचशेवर घरं नष्ट, आणि पाच हजारांतले चार हजारांवर लोक बेघर. कंपनीच्या बाजूने याला देवाची करणी म्हटलं गेलं. राज्याने नेमलेल्या चौकशी समितीने ते मान्य केलं नाही, आणि नकाशा वाचणाऱ्या कुणालाही ते मान्य होणार नाही.

जे वाचले त्यांतले बरेच जण डोंगर चढून वाचले. नकाशात याचा अर्थ स्पष्ट दिसतो. खोऱ्यातून खाली पळणं म्हणजे पाण्याच्याच वाटेने पळणं. पण जिथे रेषा दाट, तिथे पन्नास पावलांत पंचवीस-तीस फूट उंची मिळते. ज्या उताराने घरांना जागा दिली नव्हती त्याच उताराने त्या सकाळी माणसं वाचवली.

दोन रेषांमध्ये जे दिसत नाही

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. लाट १० ते २० फुटांची होती. नकाशातल्या दोन रेषांमध्ये अंतर ४० फुटांचं आहे. म्हणजे ज्या उंचीने कोण वाचलं आणि कोण वाहून गेलं हे ठरलं, ती उंची दोन रेषांमधल्या कोऱ्या जागेत बसते. नदीकाठापासून पहिल्या रेषेपर्यंत पांढरी पट्टी एकसारखी दिसते. तिच्यातलं एक घर पाण्यापासून पाच फूट वर असेल, दुसरं तीस फूट. कागदावर दोघांच्या चौकोनांत काही फरक नाही.

यात नकाशा काढणाऱ्यांचा हलगर्जीपणा नव्हता. अमेरिकेच्या अचूकतेच्या मानकांनुसार, तपासलेल्या बिंदूंपैकी ९० टक्के बिंदूंची उंची रेषांमधल्या अंतराच्या निम्म्याच्या आत बरोबर असली पाहिजे. ४० चं निम्मं २०. म्हणजे पूर्ण मानकात बसणाऱ्या नकाशातही २० फुटांपर्यंतची चूक नियमाने चालते आणि तेवढीच उंची त्या लाटेची होती. डोंगराचं रूप, उतार, पाणलोट, रस्त्याची आखणी यांसाठी हा नकाशा उत्तम आहे. अमुक घर पुरात बुडेल का, हा प्रश्न मात्र त्याला विचारायचाच नाही.

आणखी एक गैरसमज सहज होतो. लोक नदीच्या पातळीत २० फूट मिळवतात, ती उंची धरून नकाशावर रेघ ओढतात आणि त्याला पूररेषा म्हणतात. साचलेल्या पाण्याला हे लागू पडतं, वाहत्याला नाही. धरणातलं पाणी सपाट असतं म्हणून त्याची कड समोच्च असते. पूर उताराने धावतो, त्याचा पृष्ठभाग खोऱ्याबरोबर खाली उतरत जातो, वळणावर बाहेरच्या अंगाला चढतो, अरुंद जागी फुगतो. म्हणून पूररेषा समोच्च रेषांना छेदत जाते. ती काढायची तर खोऱ्याचे ठिकठिकाणी आडवे छेद घेऊन प्रत्येक जागची पातळी वेगळी काढावी लागते.

नकाशाला वयही असतं. यूएसजीएसची स्थापना १८७९ ची, देशभराच्या टोपोग्राफिक नकाशांचं काम संस्थेचे तेव्हाचे प्रमुख जॉन वेस्ली पॉवेल यांच्या काळात, १८८४ मध्ये सुरू झालं. तेव्हा माणसं प्लेन टेबल, म्हणजे तिपाईवर बसवलेला नकाशा काढायचा फळा, घेऊन डोंगर चढत आणि समोर पाहून रेषा काढत. पुढे विमानातून एकमेकांवर चढणारे फोटो घ्यायचे आणि दोन फोटो एकत्र पाहून उठावाचं चित्र मिळवायचं ही पद्धत आली. अ‍ॅपलाचियनची जंगलं पानगळीची, म्हणून जमीन दिसावी यासाठी पानं झडलेल्या दिवसांतले फोटो लागतात. १:२४,००० च्या मालिकेत ५५ हजारांच्या आसपास पत्रकं झाली, ती पूर्ण व्हायला १९९० चं दशक उजाडलं. इतक्या पत्रकांत एकेकाची पाळी पुन्हा यायला बरीच वर्षं जात. दरम्यान फोटोंवरून जुजबी सुधारणा करत, त्या जांभळ्या रंगात छापत, म्हणजे प्रत्यक्ष जागेवर तपासल्या नाहीत हे वाचणाऱ्याला कळावं. १९६० आणि १९६८ यांच्यामध्ये एखाद्या घळीत तीन बांध उभे राहिले, तर जुन्या फोटोंवरचा नकाशा ती घळ मोकळीच दाखवणार.

बफेलो क्रीकनंतर, ऑगस्ट १९७२ मध्ये अमेरिकेत धरणांच्या तपासणीचा राष्ट्रीय कायदा झाला. १९७७ मध्ये उघड्या खाणींवर नियंत्रण आणणारा कायदा आला. बेघर झालेल्यांना सरकारने ट्रेलरच्या, म्हणजे ओढून नेता येणाऱ्या तयार घरांच्या, छावण्यांमध्ये ठेवलं, पण कोण कुणाचा शेजारी होता हे न पाहता. त्या लांबट गावात पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या अंगणातून ये-जा होती ती माणसं विखुरली गेली. ही हानी कुठल्याही खुणेने नकाशावर दाखवता येत नाही.

आज उंची मोजायला विमानातून लेसरचे झोत सोडतात. झाडांच्या फटींतून काही किरण जमिनीपर्यंत पोचतात आणि परत येतात, त्यांवरून फूटभराचे फरकही टिपता येतात. चाळीस फुटांच्या दोन रेषांमधली ती कोरी जागा आता भरता येते: नदीने सोडलेल्या जुन्या पायऱ्या, रेल्वेचा भराव, घराचं जोतं, सगळं दिसतं. त्यावर आधारलेले पुराचे नकाशे कितीतरी जास्त विश्वासाचे असतात.

हे सगळं स्वतः पाहायचं असेल तर यूएसजीएसने १८८४ पासूनचे जुने टोपोग्राफिक नकाशे स्कॅन करून ‘टोपोव्ह्यू’ या आपल्या संकेतस्थळावर मोफत ठेवले आहेत. तिथे लोगन काउंटीतलं लोरॅडो शोधा, १९७२ च्या आधीचं एक पत्रक आणि नंतरचं एक पत्रक उतरवून घ्या आणि शेजारी ठेवा. मिडल फोर्कच्या तोंडापासून सुरुवात करून निळ्या रेषेबरोबर खाली या आणि काळे चौकोन कुठे होते, कुठे राहिले, कुठे नवे आले ते एकेक करून जुळवत जा. पहिली तपकिरी रेषा प्रत्येक चौकोनापासून किती दूर आहे, तेही मोजा.